सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे

कोकणात माणसाची बहुतेक नाती जमिनीवरून ठरतात. वाडी कोणती, भावकी कोणती, देवळातला मान कोणाकडे, गणपती कोणत्या घरात बसतो आणि शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात येते, हे सगळे आपल्या जन्माआधीच ठरलेले असते आणि त्यातले बरेचसे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वाचताही येते. पाच-सात गुंठ्यांच्या तुकड्यावर वीस-पंचवीस नावे लागलेली असतात. त्यांतली निम्मी मुंबईला, काही वारलेली पण उताऱ्यावरून न उतरलेली, आणि एखाददुसरे असे की ज्याचा ठावठिकाणा भावकीत कोणालाच नाही. अशा मुलखात कॉलेजात भेटलेल्या मित्राचे किंवा मैत्रिणीचे नाव आपल्या कोणत्याच कागदावर नसते. त्यांना आपल्याकडून वाटणी यायची नसते, आपल्यालाही त्यांच्याकडून यायची नसते. पदवी घेऊन वीसेक वर्षे उलटल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की या मैत्रीचे मोल यातच आहे, आणि ती टिकवणे अवघड जाते तेही याच कारणाने. ज्या नात्याला कागद नाही, त्याला ठरलेली तिथीही नसते.

मी मूळची देवगड तालुक्यातली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग धावू लागली आणि त्यानंतर थोड्याच काळात मी दापोलीच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. ॲग्रीला दाखल झाले. कणकवलीला गाडीत बसायचे, खेडला उतरायचे आणि तिथून एसटीने दापोली गाठायची. आमच्या आधीच्या मुलींनी हाच प्रवास एसटीच्या बाकावर अवघडून केलेला होता आणि ही गोष्ट त्या आम्हांला ऐकवल्याशिवाय राहत नसत. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी ते एक असल्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर घाटावरचीही मुले-मुली तिथे येत. नावांपेक्षा गावांवरूनच हाका मारण्याची पद्धत होती. आमच्या तुकडीत एक बार्शीचा मुलगा होता. त्याच्या गावी वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून अधिक दापोलीत एकट्या जुलैत पडतो हे त्याला पहिल्याच वर्षी कळले. न वाळणारे कपडे आणि बुटांवर चढलेली बुरशी यांबद्दल तो आम्हां कोकणातल्यांना जबाबदार धरत असे. तो अजूनही 'बार्शी'च आहे आणि मी 'देवगड'. माझ्या सासरचे आडनाव त्याला सांगूनही लक्षात राहत नाही.

वसतिगृहातली खोली कोणाबरोबर मिळणार हे रेक्टरच्या कार्यालयातल्या यादीवरून ठरे, आणि त्या यादीने माझ्या पुढच्या आयुष्यात जेवढी ढवळाढवळ केली तेवढी पत्रिकेनेही केली नसेल. माझ्या खोलीत गुहागरची एक मुलगी आली. शेजारच्या खोलीत वेंगुर्ल्याची एक आणि सांगलीकडची एक होती. आज ज्या तिघींना मी कोणत्याही वेळी फोन करू शकते, त्या याच. मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मुलींमध्ये स्वभावाने आणि आवडीनिवडींनी मला जवळच्या वाटाव्यात अशा दोघी-तिघी होत्या, पण त्यांच्याशी ओळखीपलीकडे काही झाले नाही. यात नवल असे काही नाही. फेस्टिंजर, शाख्टर आणि बॅक या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेस्टगेट या वसाहतीत विद्यार्थी कुटुंबांच्या मैत्रीचा अभ्यास करून १९५० मध्ये हेच मांडले होते की दार दाराला लागून असले की मैत्री होण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि काही दारे पलीकडे गेले की ती झपाट्याने उतरते. आपण मित्र निवडतो असे म्हणतो खरे, पण निवडीला वाव मिळतो तो यादी लागून गेल्यानंतर.

दुसरा भाग वेळेचा. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की नुसत्या ओळखीची वरवरची मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, मैत्री म्हणण्याजोगे काही व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग म्हणावे असे नाते व्हायला २०० तासांहून अधिक. असे आकडे अंगठ्याच्या मापाचे असतात, हे मान्य. तरीही त्यावरून एक हिशेब मांडता येतो. वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या दोघींचे जागेपणीचे दोनशे तास महिन्या-दीड महिन्यात सहज भरतात. नोकरी लागल्यानंतर ओळख झालेल्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर कामाव्यतिरिक्त महिन्याला दोन तास निवांत मिळाले तर तेवढ्याच दोनशे तासांना आठ वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात त्याची किंवा आपली बदली झालेली असते. चाळिशीत नवे मित्र मिळत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या माणसांनी मन कोते झाल्याची चिंता करू नये. त्यांच्याकडे तास नसतात, एवढेच.

ते तास आमच्याकडे कसे गेले हे आठवले की त्यात थोर असे काही सापडत नाही. वनस्पतिशास्त्रासाठी हर्बेरियम करायचे, म्हणजे पावसाळ्यात ओली झाडे रद्दी कागदात दाबून ती काळी पडू नयेत म्हणून गादीखाली घालून झोपायचे. कीटकशास्त्रासाठी किडे जमवायचे. दिव्याखाली चादर लावून रात्री पतंग धरण्याचे काम दोघींनी करायचे असते, कारण एकटीला चादर आणि बाटली दोन्ही सांभाळता येत नाही. जर्नल एकीने पूर्ण करायचे आणि बाकीच्यांनी उतरवायचे. मेसमध्ये भाताचे प्रमाण जास्त की भाकरीचे, यावर कोकण विरुद्ध घाट अशी लढाई दर महिन्याच्या बैठकीत होत असे. चौथ्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, ज्याला सगळे नुसते 'रावे' म्हणत, आमच्या गटाला एका खेड्यात शेतकऱ्यांकडे राहायला पाठवले. आवण, म्हणजे भाताची रोपे, काढून मुठी बांधायच्या आणि चिखलात ओणवे होऊन लावणी करायची. आमच्या मुठी सुटून पाण्यावर तरंगू लागल्या तेव्हा ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या काकी म्हणाल्या, "चार वर्षं शिकून एवढंच?" सांगलीकडची मैत्रीण, जी तोवर कोकणातल्या सगळ्याच गोष्टींना नावे ठेवत होती, ती त्या दिवसापासून काकींच्या मागे लागून मूठ बांधायला शिकली. आजही ती फोनवर त्या काकींची चौकशी करते.

कोकणातल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला मात्र वसतिगृह येत नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे येतात. त्यामुळे सावंतवाडी, कणकवली, राजापूर, चिपळूण अशा ठिकाणची मुले ज्या विद्यापीठाचे पदवीपत्र भिंतीवर लावतात, ते विद्यापीठ त्यांतल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. माझ्या धाकट्या भावाचे बी.कॉम. असेच झाले. सकाळची एसटी, दुपारचे कॉलेज, परतीची गाडी चुकली तर स्टँडवर दोन तास. त्याचे जे मित्र टिकले ते वर्गातले नव्हेत, त्याच गाडीच्या पासावर जाणारे. विद्यापीठातल्या मैत्रीबद्दल लिहिताना आपण हिरवळ, ग्रंथालय आणि कँटीन यांचीच चित्रे रंगवतो, पण कोकणाच्या बाबतीत त्यात एसटी स्टँडचा बाक धरायलाच हवा.

आता वाटणी नसण्याबद्दल. माझी गुहागरची मैत्रीण लग्न होऊन दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर गेली. सासरी नारळी-पोफळीची जुनी बाग. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा दापोली-मंडणगडची किनारपट्टीही त्याच्या तडाख्यात सापडली. तिच्या बागेतल्या पोफळी ओळीच्या ओळी मोडून पडल्या. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलला रेंजही नव्हती, वर कोरोनाची टाळेबंदी. तिचा आवाज ऐकायला मिळाला तो एका टेकडीवर चढून तिने केलेल्या फोनवर, आणि त्या फोनवर ती झाडांबद्दल फारसे बोललीच नाही. ती बोलत होती सातबाऱ्याबद्दल. शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर केली होती, म्हणजे गुंठ्याला साधारण पाचशे. हेक्टरचे माप कोकणातल्या गुंठ्यांच्या बागांना मुळात बसतच नाही, हा वेगळा लेखाचा विषय आहे. तिची अडचण त्याहून मूलभूत होती. क्षेत्र सामाईक, उताऱ्यावर सासऱ्यांच्या चुलत घराण्यातली डझनावारी नावे, आणि मदतीची रक्कम एका खात्यावर घ्यायची तर बाकीच्यांची संमतीपत्रे हवीत. बाग राखणारी ती आणि तिचा नवरा. नावे मात्र गिरगावापासून विरारपर्यंत पसरलेली. तिने फोन केला की समोरच्याला शंका येई की या निमित्ताने बाईला हिस्सा तर लाटायचा नाही ना.

आमच्या तुकडीतला एक मित्र तेव्हा मुंबईत एका खत कंपनीत होता. टाळेबंदी सैल झाल्यानंतर तो या घरांमध्ये जाऊन बसला, चहा घेतला, पडलेल्या बागेचे फोटो दाखवले आणि सह्या घेऊन आला. सगळ्यांच्या मिळाल्या नाहीत, पण पुरेशा मिळाल्या. त्याचे म्हणणे असे की आपण काही विशेष केले नाही. आपला त्यात काही संबंध नाही हे समोरच्याला दिसत होते, म्हणून ते ऐकत होते. हीच गोष्ट भावकीतल्या कोणी केली असती तर तिचे दहा अर्थ लागले असते. वेंगुर्ल्याची मैत्रीण फळ संशोधन केंद्राच्या गावात वाढलेली आणि आता स्वतःची रोपवाटिका चालवणारी. तिने सगळी पोफळच परत लावू नको असे स्पष्ट सांगितले. सुपारीला उत्पन्न येईपर्यंत बरीच वर्षे जातात, तेव्हा नारळाच्या अंतरात जायफळ, मिरी आणि दालचिनी घे, म्हणजे भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने दाखवलेली लाखी बाग कर, असा तिचा आग्रह होता. मी बँकेत कृषी अधिकारी आहे. बँकेने मला कर्जे देण्यासाठी नेमले आहे आणि मी तिला सांगितले की या वर्षी नवीन कर्ज काढू नकोस. आम्हां दोघींचेही सल्ले तिला फारसे गोड लागले नाहीत, पण त्यांमागे कोणाचा हेतू काय असेल हा प्रश्न तिला एकदाही पडला नाही. घरातल्या माणसाचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी त्याला जमिनीचा वास येतो. मित्राच्या सल्ल्याला तो येत नाही, हा फरक मला त्या पावसाळ्यात नीट समजला.

पैशाचा प्रश्न तेवढा अवघड गेला. गटात वर्गणी काढून तिला काही रक्कम पाठवावी असे ठरले आणि तिने ती घ्यायला साफ नकार दिला. शेवटी रोपे गेली. रोपे घेताना तिला संकोच वाटला नाही, कारण शेतकऱ्याच्या घरी रोप हे भेटीचे असते. मैत्रीत मदत करताना ती कोणत्या रूपात करायची याला फार महत्त्व आहे, आणि ते रूप शोधायला त्या माणसाबरोबर घालवलेले जुने तासच उपयोगी पडतात.

इतके उपयोगाचे नाते टिकायला मात्र जड जाते. मुलींच्या बाबतीत तर आमच्या पिढीत ते जवळजवळ तुटण्यासाठीच असे. लग्न झाले की आडनाव बदले, काही घरांत नावही बदले, पत्ता बदले, आणि फोन सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी असे. "कोण बोलतंय, काय काम आहे?" या प्रश्नाला "काही काम नाही, सहज" हे उत्तर देण्याची हिंमत फार थोड्या मैत्रिणींना होत असे. मुलगे चारचाकी काढून दोन दिवस हरिहरेश्वरला जाऊन येत, आणि आमच्यापैकी कोणी तसे ठरवले तर घरातले सगळ्यांचे जेवण, मुलांची परीक्षा आणि सासूबाईंचा रक्तदाब हे तिन्ही विषय एकदम निघत. रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी इंग्लंडमधल्या शाळा सोडून विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला होता. त्यात दूर गेलेल्या मैत्रिणींमधले नाते बोलण्याने टिकत होते, तर मुलग्यांचे एकत्र काहीतरी करण्याने. मला हे अर्धेच पटते. आमच्यातली बोलणारी नाती टिकली हे खरे, पण ती अशा बायकांची टिकली ज्यांना बोलायला घरात एक कोपरा आणि दिवसाची एक वेळ मिळाली. सांगलीकडच्या मैत्रिणीला ती मिळाली नव्हती. ती आम्हांला जवळजवळ दहा वर्षांनी फेसबुकवर, अनोळखी आडनावाखाली, कॉलेजातल्या फोटोवरून सापडली.

सणांचा उपयोग होईल असे कोणालाही वाटेल, पण होत नाही. गणपतीत सगळे चाकरमानी गावी येतात, म्हणजे एरवी पुण्या-मुंबईला असणारे मित्रही त्या आठवड्यात शंभर-दीडशे किलोमीटरांच्या पट्ट्यात असतात, आणि नेमके तेव्हाच कोणी कोणाला भेटू शकत नाही. प्रत्येकाच्या घरी आरत्या, भजने, गौरीचे वशाट म्हणजे मांसाहारी जेवण, आणि वर्षभराने भेटणारी भावकी. शिमग्यात पालखी दारात येणार म्हणून घर सोडता येत नाही. मार्च ते मे आंबा काढणी, पेट्या आणि लग्ने. जून-जुलैत लावणी. मग श्रावण उरतो, पण श्रावणात भेट ठरवली की मासे नसतात, आणि त्यावरून आमच्या एका मित्राने खरोखरच येणे रद्द केले होते. बराच काथ्याकूट केल्यावर आम्ही तुळशीच्या लग्नानंतरचा, बँकेला सुट्टी असलेला पहिला शनिवार धरला. भाताची कापणी आटोपलेली असते आणि हापूसच्या फवारण्यांचा जोर अजून सुरू झालेला नसतो. सिंधुदुर्गातल्यांची तक्रार असते की त्याच सुमारास जत्रा आणि दशावतार सुरू होतात. ती तक्रार आम्ही ऐकून घेतो आणि तारीख बदलत नाही. तारीख न बदलणे हाच त्या ठरावाचा प्राण आहे, कारण सर्वांच्या सोयीची तारीख शोधायला बसले की पुढचा शिमगा उजाडतो. येतील तितके येतात. एका वर्षी तिघेच होतो. भेट झाली असेच धरले.

व्हॉट्सॲपच्या गटाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. आमच्या तुकडीचा गट आहे, आणि त्यात सकाळी सूर्योदय, दुपारी राजकारण आणि सणाच्या दिवशी एकच चित्र अनेकांकडून येते. वाढदिवसाला केकांची रांग लागते. त्याने संपर्क असल्याचा भास टिकतो आणि त्यामुळेच फोन करायचा राहून जातो. याच गटात असलेल्या एका मित्राची नोकरी गेल्याचे आम्हांला वर्षभराने कळले, आणि त्या वर्षभरात त्याने सगळ्यांना न चुकता शुभेच्छा दिलेल्या होत्या. त्यापेक्षा एकट्याला केलेला निष्कारण फोन बरा. बऱ्याच वर्षांनी फोन केला तर समोरच्याला काय वाटेल, पैसे मागायचे आहेत असे तर वाटणार नाही ना, या संकोचाने माणसे थांबतात. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत असे आढळले की आपण सहज साधलेल्या संपर्काचे समोरच्याला किती बरे वाटते याचा अंदाज आपण नेहमी कमीच करतो, आणि तो संपर्क जितका अनपेक्षित असेल तितके त्याला अधिक बरे वाटते. म्हणजे दहा वर्षे गेली म्हणून लाजण्याऐवजी दहा वर्षे गेली म्हणूनच करावा.

सगळ्याच मैत्र्या ओढत न्याव्यात असे मात्र मला वाटत नाही. काहींचे तास परिस्थितीने भरले होते, त्यांत मनाचा भाग थोडा होता. एका मैत्रिणीशी बोलताना आम्ही दोघीही दर वेळी वसतिगृहाच्या त्याच चार गोष्टी काढतो, आणि त्या संपल्या की घड्याळाकडे पाहतो. तिच्याशी माझे काही वाकडे नाही. ती भेटली की आनंद होतो, आणि एवढे पुरेसे आहे. पगार आणि हुद्दे वेगळे झाल्याने येणारे अवघडलेपण निराळे. ते आम्ही एका क्षुल्लक नियमाने आटोक्यात ठेवले आहे, तो म्हणजे भेट हॉटेलात न ठेवता कोणाच्या तरी घरी ठेवायची आणि स्वयंपाक मिळून करायचा. बिल कोणी द्यायचे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही, आणि कांदा चिरताना प्रादेशिक व्यवस्थापक आणि रोपवाटिकेचा मालक यांत फरक करता येत नाही.

या वर्षीची भेट पहिल्यांदाच कोकणाबाहेर आहे. बार्शीकराची बरीच जुनी तक्रार होती की तो दर वर्षी घाट उतरून येतो, पण आम्हांला घाट चढायचा आळस. शिवाय तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या शेतात ज्वारीची कामे असतात. त्यामुळे यंदा आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. गुहागरच्या मैत्रिणीने जायफळाची दोन रोपे नेण्याचे ठरवले होते. ती बार्शीच्या उन्हात एक महिनाही टिकणार नाहीत हे वेंगुर्ल्याने तिला गटावरच सुनावले. ती तरीही नेणार आहे.